मदत हवी आहे: बाग-लँडस्केपिंगच्या छोट्या धंद्याची कमी खर्चात जाहिरात कशी करावी? (पुणे)

हिरवळवाला

नमस्कार मंडळी,

सिंहगड रोड, वारजे, बावधन या पट्ट्यात मी बागा करून देण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो. मी, दोन कायमचे माळी, आणि लॉन टाकायचं किंवा खड्डे घ्यायचं काम निघालं की रोजंदारीवर तीन-चार गडी. जुना छोटा हत्ती आहे, गवत कापायचं मशीन आहे, फवारणीचा पंप आहे. कृषी विद्यापीठाचा माळी प्रशिक्षणाचा कोर्स केलाय, त्यामुळे कामाची चिंता नाही. काम मिळवायची आहे.

सध्याची परिस्थिती अशी: दोन सोसायट्यांचं मेंटेनन्स आणि काही बंगल्यांच्या महिन्याच्या फेऱ्या यातून माळ्यांचे पगार निघतात. नवीन बाग, गच्चीवरची बाग, बाल्कनी अशी कामं आली तरच घरात चार पैसे येतात. पहिला पाऊस पडला की फोन सुरू होतात आणि दसऱ्यापर्यंत उसंत नसते. मार्च ते मे मात्र शुकशुकाट. नेमके तेव्हाच माळी गावाला जातात आणि काम नाही म्हटल्यावर तिकडेच रमतात. जूनमध्ये पुन्हा माणसं शोधा, पुन्हा शिकवा.

आतापर्यंत केलेले उद्योग:

वर्तमानपत्रातून पत्रकं टाकली. फोन आले, पण बहुतेक "जास्वंदीवर पांढरं काहीतरी पडलंय, काय मारू?" किंवा "एक कुंडी भरून द्यायचे किती?" असे. लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकांचे नंबर, विकणाऱ्या एका साइटचं पॅकेज घेतलं. तिथे एकच नंबर पाच जणांना विकतात. आपण फोन करेपर्यंत समोरचा माणूस वैतागलेला असतो आणि तोंड उघडायच्या आधी "भाव सांगा" म्हणतो. इन्स्टाग्राम भाचा बघतो. व्हर्टिकल गार्डनच्या रीलला भरपूर लाइक आले, पण ते इंदूर-लखनौचे. त्यांच्या भिंतीला मी काय पाणी घालणार!

महिन्याला तीन-चार हजारांपेक्षा जास्त खर्च परवडणार नाही. आणि झाडाला खिळे ठोकून "बाग करून मिळेल" अशा पाट्या लावणार नाही. या धंद्यातल्याच लोकांनी तशा लावलेल्या बघितल्या की डोकं फिरतं.

तर विचारायचं असं की सोसायटीत शिरायचं कसं? गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही आणि मॅनेजर कार्ड घेऊन ड्रॉवरमध्ये टाकतो. उन्हाळ्यात विकता येईल असं काय आहे? आणि आर्किटेक्ट-इंटिरियरवाले टक्के मागतात, ते द्यावेत का?

माजी_सेक्रेटरी

सोसायटीचं मी सांगतो, या खुर्चीवर बसून केस पिकवलेत.

तुम्ही बहुधा चुकीच्या महिन्यात जाताय. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. बऱ्याच सोसायट्या ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरकतात. बागेवर किती खर्च करायचा, जुना माळी ठेवायचा की बदलायचा, ही भांडणं तिथे होतात. जुलैमध्ये तुमचं कोटेशन कमिटीच्या हातात असेल तर विषय निघाल्यावर तुमचं नाव निघतं. डिसेंबरात गेलात तर "पुढच्या वर्षी बघू".

मॅनेजरच्या नादी लागू नका. कमिटीत झाडांचं वेड असलेली एक व्यक्ती असतेच, बहुतेक वेळा निवृत्त. तिला शोधा. आणि रंगीत सादरीकरण वगैरे पाठवू नका, कोणी उघडत नाही. एक पान पुरे. त्यात स्वच्छ लिहा: महिन्यात किती वेळा गवत कापणार, खत कोण आणणार, मेलेलं झाड कोणाच्या खर्चाने बदलणार, फवारणीच्या आदल्या दिवशी मुलांच्या आयांना सूचना कोण देणार. आमच्याकडे या शेवटच्या मुद्द्यावरून एक कंत्राट गेलं होतं. पाण्याचंही लिहा. ज्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट आहे तिथलं पाणी बागेला कसं वापरणार हे सांगितलंत तर टँकरचं बिल भरणारा खजिनदार तुमच्या बाजूला आला म्हणून समजा.

आणखी एक. नुसती बाग विकू नका, पालापाचोळा आणि ओला कचरा जिरवण्याचं काम सोबत घ्या. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक यंत्रणा चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते. कित्येक सोसायट्यांत खताचे हौद बांधलेले आहेत आणि त्यात तुटक्या खुर्च्या पडल्यात. "हौद चालू करून देतो, खत तुमच्याच बागेला वापरतो" हे वाक्य कमिटीला लगेच कळतं.

टवाळ_पांडू

"एक कुंडी किती" विचारणाऱ्यांना तुम्ही हाकलताय? अहो, तेच गिऱ्हाईक आहे!

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरा. लोकांनी आपापल्या कुंड्या घेऊन खाली यायचं. तुम्ही माती बदलून, मुळं छाटून, खत घालून द्यायचं. कुंडीमागे पैसे. ज्यांच्या कुंड्या खाली आणण्यासारख्या नाहीत ते म्हणतील "जरा वर येऊन बघता का?" झालं, वॉचमनने अडवलेला माणूस चहा प्यायला सातव्या मजल्यावर पोचला.

कीबोर्ड_बडवे

गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल केलंय का? फुकट आहे आणि "माझ्या जवळचा माळी" शोधणारा माणूस तिथेच सापडतो. दुकान नसेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. पडताळणीसाठी हल्ली बरेचदा व्हिडिओ मागतात, त्यात गाडी, अवजारं, बोर्ड दाखवा.

रिव्ह्यू काम संपल्यावर त्याच दिवशी, बाग ताजी दिसत असताना मागा. आठवड्याने मागितलात तर कोणी देत नाही. "छान सेवा" असं लिहिण्यापेक्षा कोणत्या भागात काय काम केलं ते लिहायला सांगा. विकतचे रिव्ह्यू नकोत, वाचणाऱ्याला कळतं.

व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉगही फुकट. पण ब्रॉडकास्टबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून नंबर सेव्ह करायला काहीतरी कारण द्या. दर महिन्याला चार ओळी, पुण्याच्या हवेप्रमाणे: आता मोगरा छाटा, आता कुंडीखालची ताटली काढा, आता मिलीबग येईल, नीम तेल तयार ठेवा. शुभ सकाळ आणि गुलाबाचे फोटो पाठवलेत तर पहिला ब्लॉक मी करेन.

कोथरूडची_मावशी

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आत्तापर्यंत जेवढे माळी बंद केले ते एकाच कारणाने. मंगळवारी येतो म्हणायचं आणि शुक्रवारी उगवायचं, तेही आम्ही जेवायला बसल्यावर. वेळेवर येणारा आणि येणार नसेल तर आदल्या रात्री कळवणारा माळी मिळाला तर मी स्वतःहून भिशीत नाव सांगेन. तेवढी जाहिरात तुम्हाला तीन हजारांत कुठे मिळणार?

दुसरं, संक्रांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि वाण काय लुटायचं हा दरवर्षीचा प्रश्न असतो. प्लास्टिकच्या डब्या सगळ्यांच्या घरी साठल्यात. पावसाळ्यानंतर छाट-कलमं लावून जानेवारीपर्यंत छोटी रोपं तयार ठेवा आणि पन्नास-शंभरच्या गठ्ठ्याने बायकांना द्या. प्रत्येक रोपाला पुठ्ठ्याची पट्टी, एका बाजूला पाणी-ऊन किती ते, दुसऱ्या बाजूला तुमचा नंबर. जाहिरात तुमची आणि पैसे यजमानीणबाईंचे!

टवाळ_पांडू

मावशी, तुळस नका द्यायला लावू. फ्लॅटमध्ये ऊन नाही, महिन्यात वाळली की अपशकुन झाला म्हणून दादांच्या नावाने बोटं मोडतील.

कोथरूडची_मावशी

ते खरंय. गवती चहा द्या, पुदिना द्या, पानफुटी द्या. पानफुटी तर मारायची म्हटलं तरी मरत नाही.

न्यूजर्सीकर

इकडे लँडस्केपिंगवाले काम चालू असलेल्या घरासमोर हिरवळीत छोटी पाटी रोवून ठेवतात. आमच्या गल्लीत एकाकडे काम झालं आणि बघता बघता शेजारच्या तीन घरांनी त्यालाच बोलावलं. त्याचा फायदा असा की एका फेरीत चार घरं होतात, गाडी फिरवायला लागत नाही.

पुण्यात बंगल्याच्या फाटकाच्या आतल्या बाजूला, मालकाला विचारून, काम चालू असेपर्यंत पाटी लावता येईल. काम संपायच्या दिवशी शेजारच्या चार-पाच घरी जाऊन "शेजारी आमचं काम चालू होतं, माती-कचरा तुमच्याकडे आला असेल तर साफ करून देतो" एवढंच म्हणा. कार्ड आपसूक मागतील. बावधनचं एक गिऱ्हाईक आणि हडपसरचं एक, असं करत बसलात तर डिझेलच खाईल तुम्हाला.

उरुळीचा_रोपवाला

राम राम. माझी नर्सरी सोलापूर रोडला, उरुळी कांचनच्या अलीकडे. रोज दोन-चार गिऱ्हाइकं विचारतात, "लावून द्यायला माणूस आहे का?" आमच्याकडे नसतो. तुमच्या भागातल्या किरकोळ नर्सऱ्यांत हाच प्रश्न विचारला जातो. दोनच नर्सऱ्या धरा, माल त्यांच्याकडूनच घ्या, मग तुमचं कार्ड गल्ल्याजवळ राहतं. दहा ठिकाणी कार्डं टाकून माल दुसरीकडून घेतला तर कोणी नाव काढत नाही.

उन्हाळ्याचं सांगतो. मे महिन्यात लोक गावाला नाहीतर पोराकडे परदेशात. झाडं वाळतात. मार्चमध्येच जुन्या गिऱ्हाइकांना गाठून टायमरवरचं ठिबक बसवून द्या, गच्चीवर शेडनेट बांधून द्या. कुंडीतल्या झाडाला हे काम पावसाळ्यात कोणी करून घेत नाही, उन्हाळ्यातच पटतं. ज्यांना ठिबकाचा खर्च नको त्यांना मालक नसताना दिवसाआड पाणी घालायची फेरी द्या, किल्ली वॉचमनकडे. त्यात फार सुटत नाही, पण माळी तुमच्याकडे टिकतो. मेमध्ये माती, शेणखत आणून ठेवा आणि जूनच्या कामांचा ॲडव्हान्स तेव्हाच घ्या. पाऊस लागल्यावर लाल मातीचा भाव आणि गाडीवाल्याचा तोरा दोन्ही वाढतात.

रेघोट्या (आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते)

टक्क्यांचं: सरळ टक्के देऊ नका. तुमचा निव्वळ दर द्या, ते त्यांच्या बिलात काय मिळवायचं ते मिळवतील. पैसे कधी मिळणार ते मात्र लेखी घ्या. आमच्याकडे बागेचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि तोवर मालकाचं बजेट फर्निचरमध्ये संपलेलं असतं. रोपं आणि माती यांचे पैसे आधी, मजुरी नंतर, यावर ठाम राहा. ऑफिसात जाताना इन्स्टाग्राम नका दाखवू, लावल्या दिवसाचा आणि वर्षानंतरचा एकाच कोपऱ्याचा फोटो दाखवा. लावल्या दिवशी सगळ्यांचीच बाग छान दिसते.

हिरवळवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मावशी, वेळेचं बोललात ते लागलं, पण मान्य. उद्यापासून आदल्या रात्री मेसेज जाईल.

ठरवलंय ते असं. लीडवाल्या साइटचं पॅकेज पुन्हा घेणार नाही, पत्रकंही बंद. सध्याच्या दोन सोसायट्यांच्या आसपासच काम वाढवायचं, हडपसर-खराडीचे फोन मित्राला द्यायचे. गुगलचं प्रोफाइल भाच्याकडून या आठवड्यात. एका सोसायटीत खताचा हौद आहे, त्यात खरंच खुर्च्या आहेत. सेक्रेटरी साहेबांची व्यक्ती पण सापडली, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू, रोज सकाळी सोनचाफ्याखाली उभ्या असतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं तिथे स्टॉल घ्यायचा विचार होता, तो सोडला. त्याऐवजी त्या पैशात वाणाची रोपं.

पांडूशेठ, कुंड्यांचा रविवार सगळ्यात आवडला. त्यातच एक अडचण. दर काय लावू? बारा इंची कुंडीला माती, शेणखत, नीमपेंड आणि मजुरी धरली तर स्वस्त होत नाही. आणि लोक म्हणणार, एवढ्यात नवीन रोप येतं.

टवाळ_पांडू

कुंडीच्या मापाप्रमाणे तीनच दर ठेवा, लहान, मध्यम, मोठी, आणि बोर्डावर लिहा. घासाघीस वाचते. पहिल्या रविवारी फायदा धरू नका, मजुरी सुटली तरी पुष्कळ.

उरुळीचा_रोपवाला

जुनी माती टाकून देऊ नका. निम्मी चाळून, उन्हात तापवून परत वापरता येते, खर्च तिथेच खाली येतो. फक्त हुमणी (मुळं खाणारी अळी) किंवा मुळं सडलेली दिसली तर ती माती वेगळी काढा. मिश्रण घरूनच तयार करून पोत्यात भरून न्या.

माजी_सेक्रेटरी

आणि दोन जास्तीच्या ताडपत्र्या आणि एक खराटा न्या. पार्किंगमध्ये मातीचे डाग राहिले तर पुढच्या रविवारची परवानगी मी तरी दिली नसती. लिफ्टमध्ये कुंड्या नेताना खाली गोणपाट टाका, याच्यावरून फार फोन येतात.