मदत हवी आहे: स्काडावर आकडे उशिरा येतात, ड्राइव्ह चालू झाला की ‘कॉम फेल’

धागाकर्ता:
एकाच आरएस-४८५ लाइनवर (दोन तारांची सिरियल डेटा लाइन) २२ एनर्जी मीटर आणि ४ व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आहेत. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८-ई-१ (८ डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट). स्काडा (देखरेखीचं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर) कन्व्हर्टरमधून थेट मॉडबस आरटीयूने (प्रश्न-उत्तराचा प्रोटोकॉल) वाचतं: प्रत्येक मीटरचे १० पॅरामीटर, प्रत्येकाला वेगळी क्वेरी. टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) १ सेकंद, रिट्राय (पुन्हा प्रयत्न) ३. एरवी फेरीला १८ सेकंद लागतात, मधूनच मिनिटभर. ड्राइव्ह चालू झाला की दोन-तीन मीटर ‘कॉम फेल’ (संपर्क तुटला) दाखवतात. टाकी भरल्यावर पंप बंद करायची स्क्रिप्टही स्काडातच आहे. लेव्हल ट्रान्समीटर आणि पंप मात्र पीएलसीवर (मशिनं चालवणारा कंट्रोलर) आहेत. बॉड रेट वाढवला तर भागेल का?

प्रतिसाद १:
सगळ्यात आधी पंप. ती स्क्रिप्ट आजच काढा आणि पंप थांबवणारा इंटरलॉक पीएलसीत घ्या. कॉम्प्युटर अडकला तरी पंप थांबलाच पाहिजे. हाय-हाय (धोक्याच्या कमाल) लेव्हलचा वेगळा फ्लोट स्विच थेट स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये असेल तर उत्तम.

आता वेळेचा हिशोब. एका फ्लोट आकड्याची (दशांश संख्या, १६ बिटची दोन रजिस्टर) क्वेरी ८ बाइट, उत्तर ९ बाइट. ९६०० ला एक बाइट (स्टार्ट, पॅरिटी, स्टॉप धरून ११ बिट) सुमारे १.१५ मिलिसेकंद, म्हणजे १७ बाइटना २० मिलिसेकंद. फ्रेममधली शांतता आणि मीटरचा विचार करायचा वेळ धरून ७५ ते ८०. गुणिले २२० क्वेरी: झाले तुमचे १७-१८ सेकंद. बॉड रेट दुप्पट केला तरी यातले फक्त १० मिलिसेकंद वाचतात, म्हणून तो उपाय नाही.

मिनिटभर कधी लागतो? एक मीटर मेला की १० क्वेरी × ४ प्रयत्न × १ सेकंद = ४० सेकंद वाया. मीटरची ऑक्झिलरी सप्लाय (मीटर स्वतः चालायला लागणारी वीज) तो मोजतो त्याच फीडरवरून (वीजलाइन) घेतली आहे का बघा. फीडर बंद झाला की मीटरही जातो.

उपाय: फंक्शन ०३ ने (मॉडबसची रजिस्टर वाचायची कमांड) सलग ब्लॉक वाचा, एका वेळी १२५ रजिस्टरपर्यंत चालतं. ४० रजिस्टरचा एक ब्लॉक घेतला तर मीटरमागे १६० मिलिसेकंद, फेरी साडेतीन सेकंदात. मधल्या रिकाम्या पत्त्यांवर मीटरने एक्सेप्शन ०२ (‘असा पत्ता नाही’ हे उत्तर) दिला तर दोन ब्लॉक करा. टाइमआउट ३०० मिलिसेकंद, रिट्राय १, आणि उत्तर न देणारा मीटर ३० सेकंदांतून एकदाच विचारा.

प्रतिसाद २:
ड्राइव्हचा त्रास वेगळा आहे, तो वायरिंगचा. सगळं बंद करून लाइनच्या ए आणि बी या दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा.

धागाकर्ता:
३८ ओहम दाखवतोय.

प्रतिसाद २:
म्हणजे १२० ओहमचे तीन टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचे रेझिस्टर) समांतर लागले आहेत. बहुतेक मधल्या एखाद्या ड्राइव्हमधला डिप स्विच ‘ऑन’ राहिलाय. टर्मिनेटर फक्त लाइनच्या दोन टोकांना हवेत. जादा लोडमुळे सिग्नल खाली बसतो, ड्राइव्हचा नॉइज त्यावर चढतो आणि सीआरसी (फ्रेममधला चूक-तपासणीचा आकडा) चुकतो.

बायस (मोकळ्या लाइनला ठरलेला व्होल्टेज) एकाच जागी द्या: ए-बीला ५६० ओहमचे पुल-अप, पुल-डाउन. लाइन मोकळी असताना २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला पाहिजे. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. मोटर केबलला समांतर केबल नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मीटरपासून मीटरपर्यंत साखळी ठेवा, जंक्शन बॉक्समधून फाटे फोडू नका. एवढं करून ड्राइव्हना कन्व्हर्टरचा दुसरा पोर्ट देता आला तर जरूर द्या.