लहान मुलांच्या अंगावर गॅसचा स्प्रे मारावा का?

दोन_पिल्लांची_आई (मूळ धागा)

अमेरिकेहून येणारे नातेवाईक हौसेने सनस्क्रीनचे आणि डास पळवणारे स्प्रे आणतात, आणि आपणही दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या अंगावर ते बिनदिक्कत मारतो. माझे स्पष्ट मत आहे की तीन वर्षांखालील मुलांसाठी दाबाचा डबा घरात वापरूच नये. डब्यामागची घटकांची यादी वाचली की ब्यूटेन, आयसोब्यूटेन, प्रोपेन ही नावे दिसतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतात तेच हे वायू. फरक इतकाच की सिलिंडरच्या वायूत गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते, तर सौंदर्यप्रसाधनांसाठीचा वायू वासरहित करून घेतलेला असतो. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट आणि ब्यूटेन सुमारे दुप्पट जड असल्यामुळे बंद न्हाणीघरात हा वायू खाली, जमिनीलगत साचतो, आणि मूल नेमके तिथेच बसलेले असते. मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. एक ते तीन वर्षांचे मूल २४ ते ४० वेळा.

दुसरी बाब बेंझिनची. २०२१ मध्ये अमेरिकेतील व्हॅलिश्युअर या प्रयोगशाळेने सनस्क्रीन व तत्सम उत्पादनांचे २९४ नमुने तपासले, त्यांपैकी ७८ नमुन्यांत बेंझिन आढळले, आणि त्याच जुलैमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने न्यूट्रोजिना व अव्हीनोचे काही एरोसोल (दाबाच्या डब्यातले) सनस्क्रीन बाजारातून परत मागवले. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही.

रसायनप्रेमी

ताई, आपली काळजी रास्त आहे, पण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. बेंझिन हा प्रोपेलंटचा, म्हणजे डब्यातले द्रव्य बाहेर ढकलणाऱ्या वायूचा, घटक नव्हे, ती भेसळ आहे. कच्चा वायू पेट्रोलियमपासून येतो आणि शुद्धीकरणात हयगय झाली की ती मागे राहते. आपण सांगितलेल्या त्याच तपासणीत डब्यातल्या दाबाशी काहीही संबंध नसलेल्या काही जेल आणि लोशनमध्येही बेंझिन सापडले होते. तेव्हा दोष शुद्धतेच्या तपासणीत शोधावा, स्प्रे या प्रकारात नव्हे.

शुद्ध ब्यूटेन-प्रोपेनची विषारकता फारच कमी आहे. आयसोब्यूटेन उणे १२ अंशांना उकळतो, म्हणजे नळीबाहेर पडताक्षणी त्याची वाफ होते, आणि खिडकी उघडी असेल तर थोड्याच वेळात ती विरूनही जाते. ब्यूटेन हुंगल्याने हृदय अचानक बंद पडल्याच्या घटना खऱ्या आहेत. पण त्या नशेसाठी पिशवीत वायू भरून तो ओढणाऱ्यांच्या आहेत, दोन सेकंदांच्या फवाऱ्याच्या नव्हेत. उलट आपल्याकडे न्हाणे झाल्यावर बाळाच्या अंगावर पावडर उधळण्याची जी रीत आहे, तिच्यात टाल्कचे बारीक कण थेट फुप्फुसांत जातात आणि त्यामुळे बाळे गंभीर आजारी पडल्याची वैद्यकीय नोंद आहे. त्याविरुद्ध धागा निघत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घाटमाथा

पावडरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो स्प्रेच्या बाजूने कसा झाला? एक धोका दाखवल्याने दुसरा कमी होत नाही.

शिवाय आगीबद्दल इथे कोणीच बोललेले नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये बनाना बोट कंपनीने आपले काही स्प्रे सनस्क्रीन परत मागवले, कारण ते अंगावर लावल्यानंतर ज्वाळेजवळ गेलेल्या काही जणांच्या कातडीवर त्या द्रव्याने पेट घेतला होता. आपल्या घरात संध्याकाळी देवापुढे समई असते, दिवाळीत अंगणभर पणत्या असतात, आणि डास बाहेर पडतात तेही त्याच वेळी. हातभर अंतरावरून मारलेला स्प्रे गार लागतो. तोच अगदी जवळून, एकाच जागी दाबून धरला तर त्या गारव्याने नाजूक त्वचेवर भाजल्यासारखा फोडही येऊ शकतो.

रसायनप्रेमी

आगीचा मुद्दा निर्विवाद आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र आता असे डबेही मिळतात ज्यांत औषध आतल्या पिशवीत असते आणि पिशवीबाहेर नुसती दाबलेली हवा किंवा नायट्रोजन भरलेला असतो. तिथे ज्वलनशील वायू औषधात मिसळतच नाही. ‘स्प्रे नकोच’ म्हणण्यापेक्षा असा डबा मागणे अधिक शहाणपणाचे नाही का?

दोन_पिल्लांची_आई

त्या डब्याने ब्यूटेनचा प्रश्न सुटतो, थेंबांचा सुटत नाही. नाकातोंडाजवळ उडालेला सूक्ष्म तुषार श्वासाबरोबर आत जाणारच, मग त्याला ढकलणारा वायू कोणताही असो. युरोपीय संघाने अतिसूक्ष्म कणांच्या टायटॅनियम डायऑक्साइडला आणि झिंक ऑक्साइडला सनस्क्रीनमध्ये परवानगी दिली, ती फुप्फुसांत जाईल अशा प्रकारे त्यांचा वापर करू नये या अटीवरच. हीच द्रव्ये मलमात चालतात आणि फवाऱ्यात चालत नाहीत, यातच माझा सगळा मुद्दा आला. रडून तोंड उघडलेल्या, हात झटकणाऱ्या मुलासमोर डबा धरून पाहा. तुषार कुठे जाईल हे कोणालाही सांगता येत नाही.

डबा वापरण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर तो मुलापासून दूर गॅलरीत जाऊन आपल्या तळहातावर मारावा, वायू उडून नुसता ओलसरपणा राहिला की मग मुलाच्या अंगाला हाताने चोळावा, आणि मुलाच्या हातांना मात्र लावू नये, कारण ते हात तोंडात जातात.

निवांत

तळहातावरच घ्यायचे असेल तर ट्यूबच का घेऊ नये? ती विमानातही सोपी पडते आणि समईजवळही.