जुने तुर्की टँगो ऐकायचेत, प्लेयर कुठला घेऊ? (बजेट १२ हजार)

बोस्फोरसवारी: नमस्कार. इस्तंबूलला फेरिकॉयच्या रविवारच्या जुन्या बाजारातून तीन रेकॉर्डी आणल्यात. ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे), लाखेच्या. एकीवर सेय्यान हानम यांचं नाव आहे. यूट्यूबवर त्यांचं 'माझी' हे गाणं ऐकल्यापासून रात्री दुसरं काही ऐकवत नाही. घरी प्लेयर नाही. बजेट १२ हजार, वर एक रुपया नाही. काय घेऊ?

खर्ज: १२ हजारांत होणार नाही, आधीच सांगतो. मी ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एलपी१२० हा प्लेयर घेतला. ३३, ४५, ७८ तिन्ही वेग आहेत. ७८साठी सुई मात्र वेगळी घ्या. तिचं टोक एलपीच्या (नंतरच्या विनाइल रेकॉर्डच्या) सुईपेक्षा जवळजवळ चौपट जाड असतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. थोडं थांबा, पैसे साठवा.

पेटीवाले काका: विजेचं कशाला? आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आमच्याकडे अजून खणखणीत वाजतो. बालगंधर्व ऐकवतो, या कोथरूडला.

लाखमोहर: ताई, चावीच्या ग्रामोफोनवर लावू नका! त्याचा जड साउंडबॉक्स (सुई बसवलेली डबी) आणि पोलादी सुई खाच खातात. प्रत्येक बाजूला सुई बदलली तरी झीज होतेच. आणि ही लाख बहुधा आपल्याकडचीच. त्या काळी जगभरच्या रेकॉर्डींना लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची.

पेटीवाले काका: चाळीस वर्षं वाजवतोय. काही झालेलं नाही.

अनुस्वार: आपल्या 'माझं-माझी'तलं 'माझी' नव्हे ते. मूळ शब्द अरबी, अर्थ भूतकाळ. 'माजी आमदार'मधला माजी तोच. नेजिप जेलाल यांची ही चाल १९२८ची, सेय्यान हानमनी १९३२मध्ये गायली. पहिला तुर्की टँगो म्हणून हेच गाणं सांगतात.

खर्ज: प्लेयरच्या धाग्यात आमदार कशाला?

अनुस्वार: नावाचा अर्थ कळला की गाणं वेगळं ऐकू येतं, म्हणून. हानम म्हणजे बाई. १९३४मध्ये तुर्कस्तानात आडनावं सक्तीची झाली आणि अशा उपाध्या कायद्याने गेल्या. लेबलवर 'हानम' छापलंय म्हणजे तुमची रेकॉर्ड बहुधा त्याच्या आधीची. जपा.

तंबोरी: माझी चूक कुणी करू नका. तुर्की टँगो गायक इब्राहिम ओझगुर यांची एक रेकॉर्ड कशीबशी मिळवली आणि धूळ काढायला स्पिरिटने पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चकाकी गेली, खाचा गेल्या. सात वर्षं झाली, अजून लागतं. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, बस्स. लेबल भिजू देऊ नका. प्लेयरबद्दल खर्ज यांना अनुमोदन.

रातराणी: +१. एलपी१२०च घ्या. आणि स्पिरिट लावू नका.

लाखमोहर: प्लेयरमधला फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) एलपीच्या हिशेबाने आवाज सुधारतो. ते माप १९५४चं. त्याआधीच्या रेकॉर्डी त्यावर खऱ्या वाजत नाहीत. त्यासाठी वेगळा प्रीअँप लागतो, माझा पंचवीसला पडला.

बोस्फोरसवारी: पंचवीस हजार? बजेट वर लिहिलंय हो.

लाखमोहर: मग मुळात रेकॉर्डी घ्यायलाच नको होत्या.

तंबोरी: असं बोलू नये. सेय्यान हानम आणि इब्राहिम ओझगुर यांची जुनी ध्वनिमुद्रणं कलान या तुर्की कंपनीने सीडीवर काढलीत. तोवर ती ऐका. ओझगुर यांच्या आवाजात शब्द संपला तरी सूर रेंगाळतो, तो नीट ऐकू येतो.

बोस्फोरसवारी: सगळ्यांचे आभार. रविवारी कोथरूडला काकांकडे जाऊन आले. लाखमोहर, रागवाल, पण सेय्यान हानमची रेकॉर्ड एकदाच लावली. तीन मिनिटं. फोनवर ध्वनिमुद्रण केलं. आता ती पुन्हा लावणार नाही. प्लेयर घेत नाहीये. त्या पैशांत तुर्कीची शिकवणी लावलीय. ती गाते ते मला शब्दन् शब्द कळायला हवं. काका, सुया संपत आल्यात म्हणालात ना? येताना डबी आणते.

पेटीवाले काका: मोठ्या आवाजाच्या आण.