स्लरी साठवणुकीचे कडक नियम: नवी टाकी बांधण्याआधी काय तपासावे?

प्रश्न: ठरावीक महिन्यांत शेतात स्लरी (शेण, मूत्र आणि पाणी यांचे पातळ मिश्रण) सोडण्यास बंदी आल्यामुळे आमच्या गोठ्याला कित्येक महिन्यांची साठवण क्षमता दाखवावी लागणार आहे. दुधाच्या उत्पन्नात काहीही भर न घालणारी टाकी कर्ज काढून बांधणे जड वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: टाकीत पाणी किती जाते, हे आधी मोजा. एक चौरस मीटरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यामुळे वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस होत असेल, तर ५०० चौरस मीटरच्या उघड्या, घाण साचणाऱ्या अंगणातून ५०० घनमीटर पाणी टाकीत उतरू शकते. छपराला पन्हळ लावून स्वच्छ पाणी वेगळे काढणे नव्या बांधकामापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

उत्तर २: सहमत आहे, मात्र कळप वाढवण्याचा विचार असेल तर एवढ्याने भागणार नाही. टाकीवर आच्छादन घातल्यास पाऊस बाहेर राहतो आणि अमोनियाच्या रूपाने उडून जाणारा नायट्रोजनही वाचतो. पीक वाढीला लागल्यावर तीच स्लरी दिली, की विकतच्या खताचा खर्च कमी होतो. हा लाभ कर्जाच्या हिशेबात अवश्य धरावा.

उत्तर ३: एक कळकळीची विनंती. स्लरी ढवळताना प्राणघातक हायड्रोजन सल्फाइड वायू अचानक बाहेर पडतो. त्या वेळी गोठ्यात माणसे किंवा जनावरे ठेवू नका आणि टाकीत कधीही उतरू नका.