नवी गाडी, ओलं कार्पेट: पाणी कुठून शिरलं आणि वॉरंटीत काय मिळालं?

दसऱ्याला नाहीतर पाडव्याला गाडी घ्यायची आपली रीत. मुहूर्त उत्तम, पण गाडी पाण्याला टिकते का हे कळायला जून उजाडावा लागतो. दसऱ्याच्या गाडीने तोवर आठ महिने कोरडे काढलेले असतात, फुकटातल्या सर्व्हिसिंग उरकलेल्या असतात, आणि "काही लागलं तर डायरेक्ट मला फोन करा सर" म्हणणारा सेल्समन दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो. मग एका सकाळी गाडीत पाय ठेवावा तर मोजा ओला.

आमच्या गाडीत (पुणे, सनरूफवालं मॉडेल) पाणी ड्रायव्हरच्या पायाशी साचायचं. सर्व्हिस सेंटरने गाडी उन्हात उघडी ठेवली, मॅट वाळवले आणि जॉबकार्डवर (तक्रार आणि केलेलं काम नोंदवतात तो कागद) लिहिलं 'इंटिरियर क्लीनिंग'. पुढच्या पावसात पुन्हा तेच. या खेपेला दरवाज्याचं रबर बीडिंग बदललं, तरी पाणी आहेच. शेवटी तिथल्या एका जुन्या मेकॅनिकने सनरूफ उघडलं, पेला घेतला आणि कडेच्या पन्हळीत एकेका कोपऱ्यात सावकाश पाणी ओतत गेला. तीन कोपऱ्यांचं पाणी गाडीखाली ठिबकलं. चौथ्याचं थेट आत.

सनरूफचं रबर सगळं पाणी अडवतच नाही, थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरूनच त्याची रचना असते, हे मला तेव्हा कळलं. ते पाणी पन्हळीत जमतं आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खांबांच्या आतून उतरून चाकांजवळ बाहेर पडतं. आमची पुढची उजवी नळी तोटीवर नीट बसवलेलीच नव्हती, म्हणजे कारखान्यातलाच दोष. नळी वॉरंटीत बसली. भांडण झालं ते कार्पेटखालच्या फोमवरून. त्याबद्दल पुढे कोणी लिहिलं तर बरं.

तर आपापले अनुभव सांगा. पाणी दिसलं कुठे आणि शिरत कुठून होतं, हे दोन्ही लिहा, कारण ही दोन ठिकाणं क्वचितच एक असतात. कंपनीचं आणि डीलरचं नाव नको. गाडी कुठलीही असो, पाण्याच्या वाटा त्याच.

वाशिष्ठीकाठ

आमचं गाव चिपळूण, त्यामुळे आमची केस सुरू व्हायच्या आधीच निकाली निघते. जुलै २०२१ च्या पुरानंतर, त्याच वर्षीच्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. पुढच्या जूनमध्ये डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी. सर्व्हिस अॅडव्हायझरने पत्ता वाचला आणि म्हणाला, "काका, पुराची गाडी वॉरंटीत नाही बसत." अरे बाबा, पूर आला तेव्हा ही गाडी तुमच्या कारखान्यात तरी होती का! बिलाची तारीख दाखवली तरी त्याचा चेहरा काही बदलेना.

मग माझ्या भाच्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टच्या गुंडाळीत गाडी धुतली तरी बऱ्याचदा गाळाची रेघ राहते. आमचा पट्टा कोरा करकरीत. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हाही हे करून बघा.

पाणी येत होतं मागच्या दिव्याच्या गॅस्केटमधून, म्हणजे दिवा आणि बॉडीमधल्या सीलमधून. तीन बोल्टांपैकी एक ढिला होता, त्यामुळे दिवा एका बाजूने बॉडीपासून सुटलेला. गॅस्केट वॉरंटीत मिळालं. स्टेपनीची रिम गंजली होती, ती "दिसण्यापुरती" म्हणून नाही मिळाली.

अंजनेरी

नाशिक. आमचं पाणी मागच्या डाव्या दरवाज्याखाली. दरवाज्याच्या पोकळीत पावसाचं पाणी जाणारच, काच खाली-वर होते त्या फटीतून. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं आणि आतल्या बाजूला एक प्लॅस्टिकचा पडदा बुटाइल नावाच्या चिकट रबराने चिकटवलेला असतो, तो पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवायला दरवाजा उघडला की हा पडदा सोलतात आणि परत लावताना नुसता थापटतात. धूळ लागलेलं बुटाइल पुन्हा काय धरणार?

"बाहेरून अॅक्सेसरी लावली, वॉरंटी गेली," असं ऐकवण्यात आलं. पण स्पीकर त्याच शोरूमच्या अॅक्सेसरी विभागाने लावले होते आणि त्याचं बिल बायकोने फाइलला लावून ठेवलं होतं. बिल टेबलावर ठेवल्यावर साहेब आत जाऊन आले आणि पडदा नवा बसला. बाहेर कुठे लावले असते तर खर्च आमच्याच बोकांडी होता.

फोंड्याचो

गोव्यातून. आमच्यात कंपनीचा दोष नव्हता, हे आधीच सांगतो. गाडी नवी, पण पार्किंग आंब्याखाली. काचेखाली वायपरजवळ जाळी असते (तिलाच काऊल म्हणतात), तिथे पानं, मोहोर, सगळा कचरा कुजून गाळ झाला आणि पाण्याची वाट बुजली. मग पाणी चढून एसीच्या हवेच्या तोंडातून आत, डावीकडच्या सीटच्या पायाशी. केबिन फिल्टर काढला तर पिळून पाणी निघालं. हे देखभालीत येतं, वॉरंटीत नाही, आणि मला ते पटलं. पण मग सर्व्हिसिंगच्या यादीत "काऊल क्लीनिंग" लिहून तुम्ही काय केलंत, हा माझा प्रश्न. त्याचे पैसे त्यांनी परत दिले.

वैदर्भीय

एक वेगळा प्रकार. नागपुरात आख्खा एप्रिल-मे एसी फुल्ल चालवला, गाडी ठणठणीत कोरडी. समृद्धीवरून मुंबईला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी डावीकडचं मॅट ओलं. पाऊस नाही, धुतली नाही. मी म्हटलं, मुंबईची हवाच बाधली. गंमत म्हणजे तेच खरं निघालं. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की एसीच्या कॉइलवर पाणी फारसं जमतच नाही. मुंबईच्या दमटात धो-धो जमतं. ते बाहेर सोडणारा रबरी पाइप आमच्या गाडीत आतल्या आत दुमडलेला होता. फिटिंगचा दोष म्हणून वॉरंटीत लगेच झालं.

एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचं डबकं दिसलं तर घाबरू नका, ते पाहिजेच. दमट हवेत ते दिसेनासं झालं तर शोधा कुठे जातंय. आणि आतलं पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल, काचेवर तेलकट धुकं धरत असेल, तर ते पाणी नाही, कूलंट आहे. हीटरच्या बाजूने गळतं. तशी गाडी चालवत नेऊ नका.

माजी अॅडव्हायझर, कोल्हापूर

मी बरीच वर्षं काउंटरच्या पलीकडे होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गळतीची गाडी कुठल्याच वर्कशॉपला नको असते. पार्ट दहा रुपयांचा, शोधायला दिवस जातो, आणि कंपनीकडून मजुरी मिळते ती ठरलेल्या वेळेची. त्यामुळे पहिला उपाय नेहमी वाळवणे आणि सिलिकॉन फासणे. सिलिकॉन बघितलं की समजा, कारण सापडलेलं नाही.

नीट शोधायची पद्धत अशी. कार्पेट उचलायचं, सगळं पुसून कोरडं करायचं, एक माणूस टॉर्च घेऊन आत. बाहेरचा नळीने पाणी सोडतो, प्रेशर वॉशरने नाही, साध्या धारेने, आणि खालून वर. आधी दरवाज्याचा खालचा भाग, मग काचेची कड, सगळ्यात शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. संशयाच्या जागी खडूची पूड लावली की पाण्याचा ओघळ स्पष्ट दिसतो. दुसरी युक्ती: ब्लोअर फुल्ल, बाहेरची हवा चालू, काचा बंद, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी. फुगे येतील तिथे फट.

जॉबकार्डवर 'कस्टमर व्हॉइस' नावाचा रकाना असतो. अॅडव्हायझर तिथे त्याच्या सोयीचं लिहितो: क्लीनिंग, स्मेल, जनरल चेकअप. सही करायच्या आधी तो रकाना वाचा आणि "पावसात केबिनमध्ये पाणी शिरते, अमुक बाजूला" हे शब्द लिहून घ्या. पुढे वॉरंटी संपली तरी तक्रार वॉरंटीतली होती, हे त्याच कागदावरून सिद्ध होतं. गाडी परत घेताना 'नो प्रॉब्लेम फाउंड' लिहिलं असेल तर त्याखाली स्वतःच्या हाताने "मान्य नाही" लिहून सही करा. अॅडव्हायझर नाक मुरडेल, पण कोणी अडवत नाही.

वर फोमचा विषय निघाला. कार्पेटखाली जाड फोम असतो. वरून कार्पेट कोरडं लागतं आणि खाली फोम महिनाभर ओला राहतो. तो वाळवायचा तर सीट काढाव्या लागतात, बॅटरी सोडून, कारण सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात. हे काम टाळायला "परफ्यूम लावून देतो सर" म्हणतात. गळती वॉरंटीत बसली असेल तर तिच्यामुळे भिजलेला फोमही त्याच क्लेममध्ये मागा, लेखी. तोंडी मागितलेलं कंपनीपर्यंत पोचत नाही.

आणि अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गंजू नये म्हणून गाडीच्या खालच्या बाजूला मारतात तो थर. विकायला मीही विकलंय. मारणारा पोरगा घाईत असेल तर दरवाज्याखालची पाणी जायची भोकंसुद्धा बुजवून टाकतो. कोटिंग करून आणल्यावर ती भोकं काडीने तपासा. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर हेच.

घोडबंदर रोड

@माजी अॅडव्हायझर, कनेक्टरचं लिहिलंत ते बरं झालं. आमच्याकडे गळती आधी कळलीच नाही, आधी एअरबॅगचा दिवा लागला. तो स्कॅन करून घालवला, परत लागला. ड्रायव्हर सीटखालचा कनेक्टर उघडला तर पिना हिरव्यागार, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा गंज. "बाहेरून पाणी गेलंय, वॉरंटी नाही." आता बाहेरून म्हणजे कुठून? पुढच्या काचेच्या कोपऱ्यात सीलंट अर्धवट होतं, गाडी घेतल्यापासून काच बदललेली नाही. मी एरिया मॅनेजरला एकच ईमेल लिहिली: पाणी कुठून शिरलं ते आधी लेखी कळवा, मग बाहेरचं की आतलं ते ठरवू. लेखी काही आलं नाही, पण हार्नेसचा (वायरिंगचा) तो तुकडा आणि काचेचं सीलिंग दोन्ही फुकट झालं.

नऊवारी

आम्हाला कोणी फुकट काही दिलं नाही, म्हणून ग्राहक आयोगात गेलो. उपयोगी पडेल तेवढंच लिहिते.

२०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर बऱ्याचदा कंपनी तिथेच हलते. आमची हलली नाही.

"नवी गाडीच द्या" ही मागणी मनात असते, पण ती क्वचित मिळते. एखादा भाग बदलून दोष जात असेल तर वॉरंटीप्रमाणे भाग बदलून मिळेल, आख्खी गाडी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच म्हटलंय. उत्पादनाचाच दोष म्हणायचं तर सहसा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आमच्या वकिलाने आधीच सांगितलं, दुरुस्ती, भरपाई आणि खर्च मागा. तेच मिळालं, उशिरा का होईना. व्हिडिओंपेक्षा जॉबकार्डांची चळत कामी आली.

एडिसनची लेक

न्यू जर्सीतून. इथे 'लेमन लॉ' आहे: पहिली दोन वर्षं किंवा २४,००० मैल, यातलं जे आधी होईल ते. त्या काळात एकाच दोषासाठी तीनदा दुरुस्ती फसली किंवा गाडी एकूण वीस दिवस गॅरेजात राहिली, तर गाडी परत घ्यायला लावता येते. पण त्याआधी कंपनीला रजिस्टर पत्र पाठवून शेवटची संधी द्यावी लागते. आमच्या गाडीच्या छपराच्या सांध्यात सीलर सुटलेला होता. डीलर "कंडेन्सेशन आहे" म्हणत राहिला. पत्र गेल्यावर कंपनीचा माणूस स्वतः आला, छताचं अस्तर उतरवलं आणि दाखवलं. कायदा वापरावा लागलाच नाही, पत्राचं पाकीट पुरलं. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे पाकीट पाठवलं तर पोचपावती येईपर्यंत पावसाळा संपतो."

वाशिष्ठीकाठ

@नऊवारी, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असती तर फरक पडला असता का?

माजी अॅडव्हायझर, कोल्हापूर

मी उत्तर देतो. गळतीसाठी बहुतेक वेळा नाही. रबर, बीडिंग, ट्रिम, अस्तर हे त्यातून सहसा वगळलेलं असतं. पुस्तिकेत शेवटी बारीक अक्षरांत यादी असते, पैसे भरायच्या आधी तीच वाचा. उंदराने नळी कुरतडली तर ती कुठल्याच वॉरंटीत नाही, विम्याकडे बघा, आणि तिथेही अटी वाचूनच. तुमची मूळ वॉरंटी पुढच्या उन्हाळ्यात संपत असेल तर याच पावसात गाडी नळीखाली धरा आणि काही सापडलं तर जॉबकार्ड उघडून ठेवा.