पंप आणि साखर: मशीन शॉपचे दोन विभाग करावेत का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमचे भागीदारीतील मशीन शॉप आहे. पंप कंपन्यांच्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशीनिंग वर्षभर चालते आणि गळीत हंगामाच्या आधीच्या महिन्यांत साखर कारखान्यांच्या सुट्या भागांची गर्दी होते. आजवर सर्व निर्णय वडील व काका घेत आले. परंतु कामगार साठाच्या घरात गेल्यापासून कोटेशन असो वा टूल खरेदी, प्रत्येक कागद काकांच्या टेबलावर अडकतो. पंप आणि साखर असे दोन विभाग करून प्रत्येकास स्वतंत्र प्रमुख नेमावा का?

जुनी लेथ:
दोन्ही कामे त्याच बोरिंग मशीनवर आणि त्याच व्हीएमसीवर (संगणक-नियंत्रित उभ्या मशीनिंग सेंटरवर) होत असतील, तर आज टेबलावर अडकणारा तंटा उद्या मशीनपाशी होईल, एवढाच फरक पडेल. अशा विभागणीसाठी जनरल मोटर्सचा दाखला हमखास दिला जातो. 1920 च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांनी शेव्हरोले, ब्यूक, कॅडिलॅक या विभागांना आपापल्या नफ्या-तोट्याची जबाबदारी दिली आणि धोरण व पैशाचे नियंत्रण मुख्यालयाकडे ठेवले. पण त्या विभागांकडे स्वतःचे कारखाने होते. आपल्याकडे मशीनचे तास कोणाच्या खात्यावर टाकायचे, यातच हिशेबनीस थकेल. त्यापेक्षा सर्व मशीनचे नियोजन एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि तिने लावलेला क्रम मालकांनीही परस्पर बदलू नये.

अजिंक्यतारा:
शेवटची अट लिहायला सोपी आहे. सप्टेंबरमध्ये कारखान्याच्या चीफ इंजिनिअरांचा फोन थेट काकांना येतो, तेव्हा पगारी माणूस काकांना नाही म्हणेल, असे मला वाटत नाही. म्हणून आधी रकमेची मर्यादा ठरवून तिच्या आतील खरेदी व कोटेशन काकांच्या सहीविना मार्गी लागू द्या. त्यांच्यावरचा भार हलका झाला, तरच ते नियोजनातून हात काढतील. कोटेशन मात्र जरूर वेगळे करा. झिजलेल्या भागावरून माप घेऊन दर काढणे आणि पंप कंपनीच्या ड्रॉइंगवरून दर काढणे, ही निराळी कौशल्ये आहेत.

करार-वाचक:
भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 नुसार धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात प्रत्येक भागीदार फर्मचा प्रतिनिधी असतो. भागीदारांनी आपसांत अधिकार मर्यादित केले, तरी ज्या पुरवठादारास त्याची माहिती नाही, त्याच्याशी एकाने केलेला नेहमीच्या स्वरूपाचा व्यवहार फर्मवर बंधनकारक ठरतो. म्हणून मर्यादा करारनाम्यात घालून मोठ्या पुरवठादारांना लेखी कळवाव्यात. पाळ्या किंवा कामाचे तास बदलणार असाल, तर कामगारांना 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हेही वेळापत्रकात धरा.

कृष्णाकाठ:
मशीन दोन्ही कामांना सामाईकच आहेत, त्यामुळे विभागांचा विचार तूर्त सोडतो. नियोजनासाठी बाहेरून माणूस घ्यावा की आमच्या जुन्या फोरमनना नेमावे?

जुनी लेथ:
फोरमनना नेमा, कारण कोणत्या जॉबला सेटिंगला किती वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक असते. मात्र पाळीवरची देखरेख त्यांच्याकडून काढून दुसऱ्यास द्या. अन्यथा नियोजनाचा कागद तसाच राहील आणि ते दिवसभर मशीनपाशीच उभे दिसतील.