मदत हवी आहे: पायथॉनमध्ये ओपन पिट (वरून खोदत जायची उघडी खाण) डिझाइन करतोय, खड्डा चौकोनीच येतोय

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांची सारूळकडे काळ्या दगडाची खदान आहे. तिथे निघेल तो दगड क्रशरला जातो, म्हणून किती खोल जायचं हे मंजुरी आणि हद्दीवरच ठरतं. पण तांब्याच्या उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोचायला वरचा बिनकामाचा दगड आधी काढावा लागतो, मग कुठे थांबलं तर जास्त पैसे उरतील, हे कॉम्प्युटरने काढायचं हाच माझा प्रोजेक्ट.

जमिनीचे १० मीटरचे घन ब्लॉक केलेत, ६० × ६० × २० म्हणजे ७२ हजार. प्रत्येकाची किंमत म्हणजे मिळकत वजा खर्च. लर्च्स आणि ग्रॉसमन यांनी १९६५ मध्ये मांडलेला प्रश्नच आहे, मी तो मॅक्स फ्लोने (जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल हे काढायची गणिती पद्धत) सोडवतोय. आधी आकडे रुपयात होते तर सायपायमध्ये (पायथॉनची गणिताची लायब्ररी) ३२ बिटमध्ये मावणाऱ्या आकड्याच्या बाहेर जाऊन उत्तर भलतंच यायचं, त्यात चार दिवस गेले, आता हजारात घेतलेत.

अडलंय ते उताराला. एक ब्लॉक काढायचा तर वरच्या थरातले ९ (डोक्यावरचा एक आणि त्याच्या भोवतीचे आठ) आधी काढायचे असा नियम लावला की बाजूंना ४५ अंश बरोबर येतात पण कोपऱ्यात उतार ३५ वर येतो आणि फुकट दगड काढावा लागतो. वरचे ५ (डोक्यावरचा आणि चार बाजूंचे) घेतले तर कर्णाच्या दिशेला ५५ होतो, तो तर धोक्याचाच, कडा ढासळली तर खाली माणसं असतात. मधला मार्ग आहे का? पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे, प्लीज सांगा.

प्रतिसाद:
एका थराला ५ आणि वरच्या थराला ९ असं आलटूनपालटून लाव. आकार अष्टकोनी होईल आणि उतार सगळीकडे ४२ ते ४५ मध्ये राहील. अजून अचूक हवा तर ७-८ थरांपर्यंतचा शंकू घेऊन त्यात येणारे सगळे ब्लॉक जोड, रॅम मात्र बरीच लागेल.

धागाकर्ता:
दादा खूप खूप आभार, रात्रीच चालवून बघितलं, कोपरे सुटले आणि पिटची एकूण किंमतही वाढली! आता यात डंपरचा रस्ता कुठेच नाहीये, १० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ असा रॅम्प बसवायचा तर एका बाजूचा उतार आधीच कमी धरून परत रन करू की नंतर कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) हातानेच काढू?